दोन बोल्टांचं काम

"तिच्या हातात गेल्यापासून गाडी तापते. उद्यापासून किल्ली द्यायची नाही तिला..." हे सासरे म्हणाले, सासूबाईंना, स्वयंपाकघरात, आणि मी दाराआड धुण्याची बादली घेऊन उभी, म्हणजे ऐकायला नव्हते हो उभी, पण बादली जड होती आणि वाक्य त्याहून जड. लग्नाला तीन महिने, नोकरी बावीस किलोमीटरवर, तिकडे ना बस ना काही, किल्ली गेली म्हणजे नोकरी गेली. मी काही बोलले नाही.

तुम्हाला सांगते, या घराची एक पद्धत आहे, बिघडलेल्या वस्तूला मारायचं. मिक्सर अडला, थप्पड. टीव्ही गेला, गुद्दा. नळ गळला तर सासरे त्याला लाथ घालतात, आणि तो मेला थांबतोसुद्धा, मग सवय लागणार नाही तर काय? तर रविवारी सकाळी बॉनेट उघडलं आणि सासरे आले हातोडा घेऊन. "हवा अडकलीय, ठोकली की सुटते." ठण् ठण् ठण्, इंजिनावर. गाडी चालू, काटा लाल रेषेत, मी हळूच रेडिएटरकडे जाणारी जाड नळी चाचपली तर गार... इंजिन उकळतंय आणि नळी गार? म्हणजे पाणी पुढे जातच नाही, वाटेतला थर्मोस्टॅट, तापलं की उघडतं ना ते छोटं झाकण, तेच मिटून बसलंय. माहेरी समोरच गॅरेज होतं, सगळं बालपण खिडकीत गेलं माझं. पण इथे ऐकतंय कोण? मी काही बोलले नाही.

तेवढ्यात मोठ्या दिरांनी रेडिएटरच्या पाण्याच्या टाकीचं झाकण फिरवलं. फस्सकन वाफ, हात भाजला. मग दिरांनी काय करावं? गाडीला लाथ. हेडलाइट फुटला. नवरा म्हणाला, "दादा, अक्कल गहाण टाकलीस का?" "तुझ्या बायकोला विचार, गाडीची वाट कुणी लावली ते." मग कॉलर, मग पाना, दिरांचा ओठ फुटला, नवऱ्याचा दात हलला, सासूबाई दारातून "अरे, माझी कुंडी..." म्हणेपर्यंत कुंडी गेली, आणि सासरे सोडवायला मध्ये पडले ते हातोड्यासकट. घाव चुकला. रेडिएटरच्या आरपार. मी गाडी बंद केली, किल्ली सासऱ्यांनी काढून खिशात टाकली. बोलले नाहीच.

तिघं मलमं लावत बसले तोवर इंजिन निवलं. मी दोन बोल्ट सोडले, थर्मोस्टॅट हातात आला, तो नेऊन उकळत्या पाण्याच्या पातेल्यात सोडला. दहा मिनिटं उकळला, झाकणाची चकती जागची हलली नाही. सासूबाई वाकून बघत होत्या. "हे उघडायला हवं होतं?" मी मान हलवली. त्यांनी पातेलं सांडशीत धरलं, तसंच बाहेर नेलं आणि सासऱ्यांसमोर आदळलं. "सुनेनं नाही, यानं तापवली गाडी."

 शेवटी सासऱ्यांनी खिशातून किल्ली काढून माझ्यापुढे धरली आणि दुसऱ्या हाताने... थर्मोस्टॅटवर हातोड्याचा नेम धरला.

तेव्हा मात्र बोलले.

"बाबा, रेडिएटर फुटलाय, गाडी आता महिनाभर हलत नाही. उद्यापासून भावोजी मला त्यांच्या स्कूटरवर कामाला सोडतील. किल्ली राहू द्या तुमच्याकडे, तो हातोडा तेवढा द्या इकडे."