उठला तो हरला

युद्धाचा बोर्डगेम जितका मोठा तितका भारी, असं म्हणणाऱ्याला आधी आमच्या ऐरोलीच्या खोलीवर पाठवा. माझा रूममेट निलेश सकाळपासून त्याच्या नव्या खेळाचे नियमच वाचत होता. जेवायची वेळ झाली तरी एक सोंगटी हलली नव्हती.

आमचे आगरी घरमालक काका डोकावले. "सकालपासून लढाई चालू हाय, न अजून कोनी मेला नाय?"

मी माझा छोटा खेळ काढला. एक किल्ला, वीस सोंगट्या, एक फासा. आठ डावांनंतर किल्ला ज्याच्याकडे, तो जिंकला. हरणाऱ्याने चहा टाकायचा. काका स्टुलावर बसले आणि मराठे झाले. मी नाइलाजाने मोगल.

काकांनी पहिल्याच डावात सगळी फौज किल्ल्यात घातली आणि ढिम्म बसले. मी किल्ल्यावर डोकं आपटून आपटून माझीच अख्खी फौज संपवली.

"काका, बाहेर या की! लढा जरा!"

"कशाला? शहरासाठी आमची शेती गेली ती आमी जागेवरून उठलो म्हनून. आता कोन उठतंय?"

अर्ध्या तासात हरलो. चहा घेऊन आलो, तर काका पंख्याखालच्या माझ्या खुर्चीत.

"काका, ही माझी जागा."

"मंग उठलास कशाला?"