ओल्या ढलप्यांचा बंब

तुम्ही कधी ओल्या ढलप्यांवर बंब पेटवलाय का? धानोऱ्याला आमच्या घरी माझ्या नणंदेला, सुमनला, पाहायला शेजारच्या गावाहून पाहुणे आले. थंडीत पाय धुवायला गरम पाणी हवं, म्हणून आमच्या यांनी आरा मशीनवरून ताज्या सागाच्या ढलप्या आणून बंबात कोंबल्या. पाणी कोमटही झालं नाही, धूर मात्र घरभर झाला. सुमन पोहे घेऊन आली, तेव्हा सगळेच डोळे पुसत होते.

“काऊन रडून राह्यली वो पोरी? लगन नाई करायचं का?” मुलाच्या आईनं विचारलं.

“रडून तं तुमी बी राह्यल्या!” सुमन म्हणाली.

मुलगा खोकत म्हणाला, “मले पोरगी पसंत हाये.”

“तुले दिसली तरी का?” त्याचे वडील म्हणाले.

“नाई. पण आयकू आली.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तो एकटाच परत आला, आणि दोघांनी अंगणात उभं राहून एकमेकांना नीट पाहिलं.