कार्टून बघून केलेला फोन

तुम्ही हसाल, पण मी कार्टून बघून रडलोय. आमची लेक नगरला घरी एक जपानी मालिका बघत बसायची. "बाबा, ही मोठ्या माणसांसाठीच आहे," असं म्हणायची, आणि मी तिची टर उडवायचो. कार्टून बघू नका म्हणून पोरांना जन्मभर दटावलेला मास्तर मी.

एकदा चहा पीत सहज तिच्याशेजारी टेकलो. मालिकेत दोन म्हातारे भाऊ होते, क्षुल्लक कारणावरून अबोला धरलेले. मारामारी नाही, आरडाओरडा नाही. थोरला नुसता धाकट्याच्या दारापर्यंत जायचा आणि तसाच माघारी यायचा. माझे डोळेच भरून आले. पुतणीच्या लग्नपत्रिकेत माझं नाव खाली छापलं, म्हणून मी जामखेडच्या धाकट्या भावाशी तीन वर्षं बोललो नव्हतो.

तिथूनच त्याला फोन लावला.

"दादा, काय झालं? कोन गेलं?" तो घाबरून म्हणाला.

"कुणी नाही रे. कार्टून बघत होतो, तुझी आठवण आली."

तो हळूच म्हणाला, "दादा, वहिनीकडं दे बरं जरा फोन."