देवीचा गाडा पाटलाच्या दारात

चि. ऋचा आणि चि. निखिल,

गेल्या रविवारी फोनवर ऋचाने विचारले, आजी, तुमच्याकडचे लोक पटकीला, म्हणजे कॉलऱ्याला, देवी मानायचे, इतके भोळे होते का? उत्तर माझ्या कपाटात होते. मी मेहकरच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते तेव्हा उन्हाळ्याच्या एका सुट्टीत तुमच्या पणजीने, म्हणजे माझ्या सासूबाई सखूबाईंनी, मला ही हकीकत सांगितली आणि मी ती वहीत उतरवली. वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलेला होता, त्या काळातली आहे. माझ्याशिवाय ती आता कोणाला ठाऊक नाही, आणि पुढच्या महिन्यात माझ्या दुसऱ्या डोळ्याचेही ऑपरेशन आहे, म्हणून आत्ताच नकलून पाठवते. त्यांची बोली मी सुधारलेली नाही. मला त्या मास्तरीनबाई म्हणत, थोडे कौतुकाने, थोडे टोचून.

लिही मास्तरीनबाई. माहं माहेर खालचं गाव, अन् हे सासर वरचं गाव, मधात नाला, तीच शीव. उन्हाळ्यात नाला आटे, मंग बाया रेतीत खड्डा करत, त्याले झिरा म्हनते, त्यात पानी झिरपे अन् वाटीवाटीनं घागर भरा लागे. माहा बाप थोड्याशा वावराचा धनी, माय लय कामाची, दोन भाऊ माह्याहून लहान, अन् मी असन दहा वर्साची. आमच्या घरी कोनाचं वाईट नव्हतं, हे पहिले लिही.

त्या साली वरच्या गावात पटकी आली. पटकी आली म्हनजे मरीमाय आली, असं समजत. मंग रीत काय, तं लाकडाचा हातभर गाडा कराचा, त्यावर माय बसवाची, हिरव्या बांगड्या, दहीभात, लिंबू, अन् डफडं वाजवत शिवंबाहेर नेऊन सोडाची, मागं न पाहता घरी याचं. शिवंबाहेर म्हनजे कुठं वं? दुसऱ्याच्या गावात. हे सारं भक्तीनं करत, डोळ्यात पानी आनून करत. आमच्या गावानंबी पहिले केलं होतं, खोटं काऊन बोलू. पन आम्ही गाडा माळावर सोडत. वरच्या गावच्या पाटलानं तो आमच्या झिऱ्यावर आनून सोडला, अन् वरतून आपल्या मेलेल्या भावाची गोधडी टाकली, म्हने मायले पांघराले पाहिजे.

आम्ही पाह्यलं तं चाक रेतीत रुतलेलं अन् गोधडी झिऱ्यात भिजून राह्यलेली. माही माय म्हने, काठीनं बाजूले तं करा. म्हातारे तिच्यावर खेकसले, खबरदार, मायच्या वस्तूले हात लावला तं ते तुह्याच घरात येईन. मायनं हात जोडले. काय सांगू तुले, एक काठी लावली असती! पन देवीचा मान राखाचा होता. तीन दिस गोधडी तिथंच, अन् बायायनं चार हात खाली दुसरा झिरा केला अन् तेच पानी भरलं.

पहिले लहाना भाऊ गेला, मंग मधला, मंग माय. सात दिसात. बाप मायच्या तोंडात पानी सोडत राह्यला, तेच पानी. गाडा पुढच्या गावाले ढकलाले आमच्या गावात धड गडी उरले नव्हते. अन् वरच्या गावात पाटलानं बोकड कापला, म्हने माय गेली, सुटलो. त्याच्या डफड्याचा आवाज मले आमच्या ओट्यावर आयकू आला. त्या दिशी मी ठरवलं, हा मानूस मले दाराशी पाहिजे, हात जोडलेला.

मंग काय, आईबिगर पोरीले कोन पाह्यते, बापानं मले त्याच साली इथंच देलं, पाटलाच्या भावकीत. पाटील माहा चुलत सासरा लागे. तुह्या सासऱ्याची मले काई तक्रार नाई, गरीब गाय होता. पन पाटील अंगनात आला की मले पदर डोळ्यापावतर घ्या लागे, भिंतीले लागून उभं राहा लागे. मामंजीसमोर सुनेनं तोंड उघडाची रीत नव्हती. बारा वर्सं मी त्याच्या पायाचे अंगठे पाह्यले. त्याची बायको, पाटलीन, ते मातर चांगली. नवी नवरी होती तवा माही वेनी तेच घाले, म्हने पोरी, लय गुंता करून आनलास वं माहेरहून.

बारा वर्सानं पटकी फिरून आली. सरकारचा मानूस विहिरीत टाकाले लाल दवाई घेऊन आला, तं पाटील म्हने, देवीच्या तोंडात दवाई घालता का बे, अन् त्याले हाकलून देलं. मंगळवारी गाडा निघाला, भर दुपारी. आम्ही सवाष्नी ओटी भराले पुढं. गाडा नाल्याकडे वळला, माह्या माहेराकडे, अन् मी केस सोडले.

तू हासून नको, मास्तरीनबाई. तुले इचाराचं हाय ना, खरंच अंगात आली होती का? मले काय मालूम. मी पुऱ्या शुद्धीत होती, पायात काटा मोडला होता तोबी समजून राह्यला होता. पन आवाज माहा नव्हता. डफडं थांबलं. मी म्हनली, पाटला, मी जात नाई. तो हात जोडून पुढं आला, माय, काय चुकलं? मी म्हनली, मागच्या खेपी मले खालच्यायच्या पान्यात कोनं बसवलं बे? म्हने, मीनं, माय. गोधडी कोनाची होती? माह्या भावाची. जोरानं बोल, साऱ्यायले आयकू दे. माह्या भावाची, माय. मंग आता मले तुह्या अंगनात बसव, अन् तू जे पानी पेतो तेच मले पाज.

साऱ्या गावासमोर मी त्याले बे म्हनली, अन् तो माह्या पायावर डोकं ठेवून होता.

गाडा त्याच्या दारात बसला. सालदार पळाले, मोलकरीन येईना, भावकीनं रस्ता बदलला. अन् चवथ्या दिशी पाटलीन पडली. भिंतीले भिंत लागून होती, तिनं मले आवाज देला, सखू, पोरी, घोटभर पानी. मी जात्यावर बसली होती. दळत राह्यली. मंग पाटील आला, बिगर पागोट्याचा, म्हने सखूबाई, तिच्यापाशी कोनी नाई, मले काई समजत नाई, देवीले सांग ना वं. मी दाराआडून म्हनली, मामंजी, देवी तं गेली. मी सून हाव. सून मोठ्यायले काय सांगनार?

त्यानंच घागर उचलली मंग. जल्मात पहिल्यांदा. दोन दिस त्यानं तिचं सारं काढलं, तिच्या तोंडात पानी सोडलं, माह्या बापानं सोडलं तसंच. ते गेली.

पाटलाचा मले पस्तावा नाई, लिहून ठेव. आज उठून आला तं आजबी दाराआडूनच बोलीन. पन पाटलीनीनं काय केलं होतं वं माहं? तिचं मी देवीवर ढकलू शकत नाई, देवी चार दिस आधीच गेली होती. जात्यावर मीच होती.

बाकी बरं हाय. तुहे लेकरं शिकोत, मोठे होवोत, त्यायले शंभर वर्साचं औख लाभो. कोनाच्या दारात त्यायले हात जोडाचं काम न पडो.

इथे वही संपते. पाटलिणीची तिरडी उठायच्या आधी पाटलाने गाडा स्वतःच्या अंगणात जाळला आणि लाल दवाईवाल्याला माणूस धाडून परत बोलावले, एवढे मला तेव्हा गावातल्या म्हाताऱ्यांकडून कळले, तेही आता उरले नाहीत. त्यानंतर वरच्या गावातून गाडा कधी निघाला नाही. सासूबाई शेवटपर्यंत त्या घराची पायरी चढल्या नाहीत. पाटलांच्या घरी लग्न असले की आजही आमच्याकडे पत्रिका येते, आम्ही जातो, अक्षता टाकतो, आणि त्यांच्या घरचे पाणी न पिता परत येतो.