हिरव्या फाटकाचं घर

लीविया पावाच्या रांगेत उभी होती, तेवढ्यात खांबावरच्या भोंग्यातून गावाला सूचना आली: थंडी सुरू झाली, शेगड्या पेटवण्याआधी धुराडी साफ करून घ्या. पुढच्या दोन म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली.

“ही नवी पोरगी वाचते की पळते गं, मार्गिता?”

“भोंग्यावर इम्रिख कसा निवांत सांगायचा! आधी पोल्काच्या गाण्याची तबकडी, मग खोकला, मग धुराडी.”

“आणि शेवटी, ‘हिरव्या फाटकाचं घर, तुम्हालाही सांगतोय!’”

“ते फाटक त्याचंच की! दरवर्षी स्वतःलाच दटावायचा, आणि तरी साफ करायचा सगळ्यांच्या शेवटी.”

“त्याला दफनभूमीत पोचवून महिना झाला. लेक तिथंच राहतेय, पण धूर काही दिसत नाही.”

“बापाचा कोट घालून गारठत बसत असेल.”

लीवियाने कोटाच्या लांब बाह्या वर सारल्या.

“यंदा त्या घराला कुणी सांगितलंच नाही ना.”

“मग तू सांग, झोफिया.”

झोफियाने मागे न बघताच घसा खाकरला. “हिरव्या फाटकाचं घर, तुम्हालाही सांगतोय!”



“ऐकलं, मावशी,” लीविया म्हणाली. “धुराडी साफ करणारा कधी येतो?”

“उद्याच. आणि बापासारखं त्याला ‘पुढच्या आठवड्यात ये’ म्हणू नकोस.”