कंगव्यातले केस

आजच्या समारंभाच्या सन्माननीय अध्यक्षा, व्यासपीठावर बसलेल्या प्रमुख पाहुण्या, केशरचनाकार संघटनेचे सर्व पदाधिकारी, माझ्या पार्लरमधल्या सहकारी, आणि समोर बसलेल्या भगिनींनो, ज्यांच्यापैकी निम्म्या जणींना मी पाठीमागूनसुद्धा ओळखीन,

मी बसून बोलते आहे, त्याचा राग मानू नये. सदतीस वर्षं उभी होते. संध्याकाळ झाली की घोटे सुजतात, आणि उजवं मनगट तर कधीच सोडून गेलंय. अध्यक्षांनी मोठ्या मनाने ही खुर्ची पुढे केली, त्यांची मी ऋणी आहे.

मानपत्र फार सुंदर लिहिलंय. माझ्याबद्दल इतकं चांगलं माझ्या सासूबाईही कधी बोलल्या नाहीत, आणि त्या बऱ्यापैकी बोलायच्या. त्यात एक वाक्य आहे: ‘यांच्या खुर्चीवरून एकही स्त्री नाराज होऊन उठली नाही.’ त्यावर टाळ्या पडल्या तेव्हा मी खाली मान घातली. तुम्हाला तो विनय वाटला असेल. तो विनय नव्हता. आठ महिन्यांपूर्वी एका बाईने मला एक प्रश्न विचारला आणि मी तिला तोंडावर खोटं उत्तर दिलं. ती चौथ्या रांगेत बसली आहे. माझी धाकटी जाऊ. बावन्न वर्षांची झाली तरी घरात सगळे तिला धाकटीच म्हणतात. ते उत्तर मला आज दुरुस्त करायचंय. नाहीतर सत्काराला मी येत नाही. सचिवांना विचारा, तीन वेळा टोलवलंय त्यांना.

आता थोडं कामाबद्दल. विशीतल्या मुलीचे केस कापायला फारशी अक्कल लागत नाही, कसेही कापा, तिला शोभतात. खरी कसोटी पंचेचाळिशीनंतर. केस बारीक होतात, कोरडे पडतात, कानशिलाजवळ विरळ होतात. मुळं रंगवून तीन आठवडे झाले नाहीत तोच पांढरी रेघ हजर. आणि मागणी काय, तर वय कमी दिसू दे, पण काही केलंय असं दिसू देऊ नका. एका बाईंनी तर स्वतःच्या लेकीचा फोटो आणला होता, अगदी अस्साच कट हवा म्हणून. मी म्हटलं, बाई, कट देते, बाकीचं तुम्ही घरून आणलंय का? त्या हसल्या म्हणून निभावलं.

आम्ही काय करतो? भांग दर खेपेला बोटभर सरकवतो. वरचे केस जरा आखूड ठेवतो, म्हणजे ते उभे राहतात आणि दाट भासतात. मुळाशी गरम हवा देतो. आणि एक नियम पाळतो. मला ज्यांनी हे काम शिकवलं त्या मोठ्या बाईंचा तो नियम. कंगव्यात आलेले केस खुर्चीतल्या बाईला दाखवायचे नाहीत. बोटाने गुंडाळायचे आणि गुपचूप अॅप्रनच्या खिशात टाकायचे. त्या म्हणायच्या, घरी आरसा आहे, नवरा आहे, मुलं आहेत, तिला आठवण करून देणारे पुष्कळ आहेत. इथे तासभर तरी तिला सुखाने बसू दे. मला ते पटलं. अजूनही अर्धं पटतं. मी तो नियम पुढे किती मुलींना शिकवला, त्याची गणती नाही.

धाकटी दर महिन्याला सोमवारी यायची. सोमवारी आम्ही बंद असतो, म्हणून आम्ही दोघीच. तिचे केस घरात नावाजलेले. पन्नाशीतही कुणी विचारायचं, काय लावतेस गं? ती माझ्याकडे बोट दाखवायची. मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू, फारच बरं वाटायचं.

मग गेल्या वर्षीच्या आधीच्या वर्षी कंगवा भरून यायला लागला. आधी सुपारीएवढा गुंता, मग लिंबाएवढा. भुवयांची टोकंही विरळ झाली होती, ती मी पेन्सिलीने भरून द्यायचे. ती म्हणायची, ताई, हल्ली जिना चढवत नाही, सारखी थंडी वाजते, आवाजही बसल्यासारखा झालाय. मी म्हणायचे, वय आहे गं, पाळी जायच्या दिवसांत होतं असं. भांग सरकवत सरकवत मी तो पार कानापर्यंत नेला, आणि काम इतकं सफाईने केलं की तिच्या नवऱ्यालाही पत्ता लागला नाही.

एका सोमवारी ती येऊन बसली ती हसतच. डॉक्टरांकडे जाऊन आली होती. त्यांनी बाकीचं विचारता विचारता विचारलं होतं, केस गळतात का? ही ठसक्यात म्हणाली होती, ‘छे. माझे केस माझी जाऊ बघते. गळत असते तर तिने मला सांगितलं नसतं का?’ मग डॉक्टर म्हणाले, वयाचंच असेल, आणि ताकदीच्या गोळ्या देऊन त्यांनी तिला घरी पाठवलं.

ती हे सांगत होती तेव्हा तिच्या केसांचा गुंता माझ्या खिशात होता. मी त्यावर हात ठेवला होता. काढून तिच्या पुढ्यात ठेवायला कितीसा वेळ लागला असता? मी ड्रायर चालू केला. त्या आवाजात बोलता येत नाही, हे आपल्या धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

पुढे पाच महिन्यांनी ती ऑफिसच्या जिन्यात कोसळली. थायरॉइड पार मंदावलं होतं, हृदयाभोवती पाणी साठलं होतं. तीन आठवडे दवाखान्यात होती. तिथे एका दुपारी तिने मला विचारलं, ‘ताई, तुम्हाला काही दिसलं नव्हतं का हो?’ मी म्हटलं, ‘नाही गं.’ त्यावर तिने माझा हात थोपटला आणि उलट माझीच समजूत घातली, की तुम्ही तरी काय करणार, तुम्ही थोड्याच डॉक्टर आहात. बरी झाल्यावर पुन्हा येऊ लागली. अजून जिना चढताना मध्ये थांबते. खुर्चीत बसते, डोळे मिटते, डोकं माझ्या हातात देते. मी पार्लर सोडते आहे ते घोट्यांमुळे, असं सगळ्यांना सांगितलंय. घोटे आहेतच. पण ते मिटलेले डोळे मला आता बघवत नाहीत.

धाकटे, मला दिसलं होतं. पहिल्या महिन्यापासून दिसलं होतं. मोठ्या बाईंचा नियम होता, हे खरं, पण मी गप्प बसले ते त्यासाठी नाही. घरात, लग्नाकार्यात लोक तुझे केस बघायचे आणि माझं नाव घ्यायचे. तुझं डोकं ही माझी जाहिरात होती. ती मला घालवायची नव्हती. एवढंच कारण आहे, आणि याहून बरं कारण मी आठ महिने शोधलं, ते सापडलं नाही.

मागे बसलेल्या तरुण मुलींना सांगते, कंगव्यातले केस बाईच्या तळहातावर ठेवा. ती नाराज होईल. होऊ दे. पुढच्या महिन्यात दुसरीकडे गेली तरी जाऊ दे.

दमले आता. संघटनेचे, अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि एवढा वेळ शांत बसलेल्या आपणा सर्वांचे मनापासून आभार. मानपत्र मी टेबलावरच ठेवते आहे. त्यातलं ते वाक्य खोडून मग घरी पाठवलंत तर आनंदाने घेईन. बोलण्याच्या ओघात कुणाला काही लागलं असेल, मानपानात काही राहिलं असेल, तर आपण सर्वांनी ते पोटात घालावं. माझी दुसरी चूक पोटात घालायची की नाही, ते मात्र एकटी धाकटी ठरवेल, आणि नाही म्हणाली तरी ते बरोबरच असेल. तेवढी एक विनंती आहे: इथून उठल्यावर कुणीही तिला माझ्या बाजूने समजवायला जाऊ नका.