पाला आणि पालेभाजी

(उदगीर तालुक्यातलं एक गाव. शाळा सुटलेली. सातवीच्या वर्गात आहाराचे धडे घेणाऱ्या पंचशीलाबाई पेपर तपासत बसल्या आहेत. दारात सिंधु आणि तिची आई केवळाबाई.)

केवळाबाई : …तर मग सांगा बाई, माझ्या शेळीनं खायचं काय?

पंचशीला : शेळीनं? मावशी, आधी आत तर या. सिंधु, आईला चटई दे.

केवळाबाई : बसायला न्हाई आले, भांडायला आले. पाला खा म्हणून तुमीच शिकिवलं ना हिला?

सिंधु : माय, हळू बोल की!

केवळाबाई : तू गप गं. परसातला शेवगा पार बोडका केला हिनं. ह्या वर्साला चारा न्हाई, शेळीला तेवढाच आधार व्हता. तर ही आकडी लावून समदा पाला वरबाडून आणती. म्हणती, ह्यानं रगत वाढतंय.

पंचशीला : थांबा, थांबा. खाल्ला का तो?

केवळाबाई : खाल्ला म्हंजी? आठ दिस झाले, डाळीत पाला, पिठल्यात पाला. हिच्या आज्यानं काल ईचारलं, सूनबाई, मला दावणीला कवा बांधतीस?

पंचशीला : अगं सिंधु, मग तू मला तोंडघशी का पाडलंस?

सिंधु : मी काय केलं बाई?

पंचशीला : हा बघ तुझा पेपर. ‘काल पालेभाजी खाल्ली का?’ तू लिहिलंस, नाही. धडे सुरू व्हायच्या आधी वर्गात अकरा जणांनी हो लिहिलं होतं. मी तीन महिने घसा फोडला, आणि आता किती? चार! लातूर आत्ताच वेगळा जिल्हा झालाय, साहेबही नवे. धड्यांनी काय फरक पडला ते सोमवारी जाऊन दाखवायचंय. हे आकडे बघितले की धडे बंद. जूनपासून दुसऱ्या शाळांत जायचे होते, तेही गेले.

सिंधु : पर खरं तेच लिहिलं की! पालेभाजी म्हंजी मेथी, पालक. तवा जुडी मिळत व्हती. आता उदगीरच्या बाजारातबी दिसंना.

पंचशीला : आणि शेवग्याचा पाला?

सिंधु : ते कोरड्यास झालं, भाकरीला लावून खायचं.

केवळाबाई : मग! भाजी म्हंजी मळ्यातली. शेवगा शेळीचा. आमी शेळीचं खाल्लं म्हणून कागदावर कोण लिहील?

सिंधु : आमच्या वर्गातली तारामतीबी खाती बाई, समद्याच खातेत. पर एकमेकीला सांगत न्हाईत.

पंचशीला : हात्तिच्या! आमची भोकर गावची माय रोज भाकरीसंगं कोरड्यासच वाढायची. मी प्रश्न काढायला बसले अन् लई शहाणी झाले. उद्या पेपर पुन्हा घेते. तूच सांग, कसं विचारू?

सिंधु : ‘काल कोरड्यास कशाचं व्हतं?’ असं ईचारा. आन पेपरावर नाव टाकायला लावू नका.

पंचशीला : नाव नको? बरं, नको. आणि मावशी, शेंड्याचा कोवळा पाला तुम्हाला, खालचा जून पाला शेळीला. मिटलं?

केवळाबाई : शेळीचं मिटलं. दुसरं ऱ्हायलंच की.

पंचशीला : अजून काय केलं हिनं?

केवळाबाई : गडीमाणसं उठल्यावर बायांनी बसायचं, ही आमची रीत. तर ही ताट घेऊन सरळ भावाच्या शेजारी! म्हणती, माझं वाढायचं वय हाय, डाळीच्या तळाचं पाणी पिऊन मी काय वाढू?

पंचशीला : अगं बाई! घरचे रागावले?

केवळाबाई : हिचा बाप नुस्ता बघत ऱ्हायला. आज्यानं मातर जरा सरकून जागा दिली.

पंचशीला : मग तक्रार कशाची?

केवळाबाई : तेवढ्यावर कुठं भागलं! परवा मी भाकरी करत व्हते, तर हिनं परात वढून घेतली. मला हात धरून बसिवलं, समद्यासंगं. लाजंनं मान वर व्हईना माझी.

सिंधु : पर जेवलीस ना, माय?

केवळाबाई : जेवले की. …लगीन होऊन सोळा वर्सं झाली, बाई. तव्यावरनं उतरल्याली भाकर कशी लागती, इसरूनच गेले व्हते मी.